रोपांना ऊन दाखवताना

रावजी : ...तर सोमवारपतुर त्येंला कळवायचं हाय. टेंभुर्णीची पतसंस्था, हायवेला लागूनच हापीस. आत एसी, काचंला काळी फिल्म. उन्हाचा थेंब न्हाय आत. संगणकावर बसायचं, सांजच्याला घरी यायचं. चेअरमन म्हणला, रावजी, तुमच्या आरोहीला आमी आमच्या पोरीसारकं बगू. आता ह्यात वाईट काय हाय, तूच सांग आक्का.

मथुराबाई : मला कशाला विचारतोस? नोकरी मी करणार आहे का? जिला करायची ती समोर बसली आहे. बापापेक्षा भाचरांचं आत्याला जास्त कळतं म्हणतात, पण मी आज गप बसायचं ठरवलंय.

आरोही : तू आणि गप, आत्या? अण्णा, नोकरीत वाईट काही नाही. पण मी शेतीची पदवी घेतली ती पासबुकं छापायला नाही. तुम्ही जेऊरहून इथं सोलापूरला आलात, चहा झाला, पोहे झाले, टेंभुर्णीचं सगळं बोलून झालं, आणि आतल्या खोलीत अजून डोकावलासुद्धा नाहीत. आधी रोपं बघा. मग नोकरीचं बोलू.

रावजी : रोपं बगितली की म्या. माज्या रानात बगितली. तू टेम्पोनं धाडलीस तवा कशी हिरवीगार हुती. बायका म्हणल्या, मालक, कलिंगडाची असली रोपं नर्सरीतबी मिळत न्हाईत. आन दुसऱ्या दिशी दुपारी समद्या वळीच्या वळी करपल्या. पानं कशी पांढरी पडली, जशी काय कुणी कढत पानी वतलं. पोरी, तू इजेच्या उजेडावर वाढवलेली रोपं हायती ती. रानात टिकायची न्हाईत. आता हे मी तुला कसं सांगू?

आरोही : सांगताय की. आणि त्यावरून काय ठरवलंत तेही सांगा. विहिरीजवळच्या खोलीचं.

मथुराबाई : कुठली खोली? मला कुणी काही सांगत नाही.

आरोही : जेऊरला, रानात. माझ्या रॅकसाठी. जोतं घालून झालंय. भिंती चढवायच्या होत्या, तेवढ्यात रोपं करपली आणि अण्णांनी गवंड्याला थांबवलं. मला तर गवंड्याकडूनच कळलं, त्यानं फोन केला, ताई, काम बंद का केलं म्हणून.

मथुराबाई : असं का रे रावजी?

रावजी : मग काय करू? आक्का, ह्या पोरीनं अंगावर काय काय सोसलंय ते तू बगितलंयस. तोंडावर लाल चट्टे, सांधे सुजल्याले, सकाळी कंगवा धरता येत नव्हता हातात. ल्युपस का काय त्ये. डाक्टर काय म्हणले? आयुष्यभर ऊन टाळायचं. हिला शाळंत असल्यापासून रानाचं येड. उसात पाट फोडायला माज्या आदी पळायची. आन तिलाच ऊन चालत न्हाय. म्हणून म्हणलं, खोली बांदू, पोरगी आतल्या आत रोपं वाढवंल, मन रमंल. पर रोपं टिकंनात तर खोलीत बसून काय करंल? भिंतीकडं बगंल. त्यापरीस माणसांत बसलेली बरी. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, मी तर बाप हाय.

आरोही : चला आत. चपला काढू नका, फरशीवर पाणी सांडलंय.

(तिघं आतल्या खोलीत जातात. पूर्वी इथं मथुराबाईंच्या दिवंगत यजमानांचे चादरींचे गठ्ठे असायचे. आता तीन लोखंडी रॅक उभे आहेत, प्रत्येकावर वेगळा उजेड.)

रावजी : आयला, हे काय? ह्यो जांभळा उजेड डोळ्याला कसला लागतोय.

मथुराबाई : मी सांगते. हा पहिल्यांदा लावला तेव्हा दाराच्या फटीतून गल्लीत जांभळं जांभळं दिसायचं. समोरचे कल्लप्पा विचारायला आले, मथुराबाई, साहेब गेल्यावर तुम्ही ऑर्केस्ट्रा बार काढला का? मी म्हटलं, हो, तुम्हाला उधारी नाही.

आरोही : सुरुवातीला सगळे हाच दिवा घ्यायचे, अण्णा. रोपाला लाल आणि निळा उजेड जास्त कामाला येतो, तर तेवढाच द्यायचा, बाकीच्यावर वीज कशाला घालवायची, असा विचार. वाढ होते यानं. पण आता मला सांगा, या ट्रेमधली रोपं कशी आहेत?

रावजी : काळी दिसत्यात की समदी.

आरोही : थांबा. हा ट्रे इकडे साध्या ट्यूबखाली आणते. आता?

रावजी : हितं पिवळं पडलंय. ह्या कडंच्या पानावर तर डाग हाय. बुरशीचा असंल. ह्यो तितं दिसला कसा न्हाय?

आरोही : म्हणूनच तो दिवा मी काढणार आहे. डोळे असून आंधळं करतो. शेतकऱ्याला पान वाचता आलं नाही तर उपयोग काय? आता हा मधला रॅक बघा. हा पांढरा. यात सगळे रंग आहेत, लाल जरा जास्त घातलाय. वीज तुलनेनं थोडी जास्त खातो, पण डाग उमटला की त्याच सकाळी कळतं.

रावजी : उजेड तर त्या पलीकडच्या रॅकचाबी असाच हाय.

आरोही : तुमच्या डोळ्याला असाच. त्याच्यात लालच्याही पलीकडचा उजेड मिसळलाय, डोळ्याला जेमतेम दिसतो असा. रोपाला तो दिसला की त्याला वाटतं आपण कुणाच्या तरी सावलीत आहोत, चला, उंच होऊ. पालेभाजीला तो चांगला, पानं रुंद होतात. दिवे निवडताना इथंच माणूस फसतो. मीही आधी मोबाइलमध्ये उजेड मोजायचं ॲप घेऊन बसले होते. ते ॲप माणसाच्या डोळ्याला किती झगझगीत तेवढंच सांगतं. रोपाचं पोट भरतंय का, ते सांगत नाही. म्हणून मोजमाप बाजूला ठेवा. तुम्ही रोप बघून सांगा. मधलं की पलीकडचं?

रावजी : हातच्या काकणाला आरसा कशाला? ह्ये मधलं. बुटकं हाय, खोड अंगठ्यात धरलं तर ताठ लागतंय. पेऱ्यात अंतर कमी. ते पलीकडचं नुसतंच लांबुळकं झालंय, लग्नात उभं केल्याल्या पोरावानी. वारं आलं की आडवं.

मथुराबाई : हिनं तर रोपांना पंखा लावलाय. मी म्हटलं, मला उकडतंय, मला लाव. तर म्हणते, आत्या, तुझं खोड मजबूत आहे.

आरोही : वारा लागला की खोड जाड होतं, अण्णा. रानात वारं असतं, इथं कुठून आणणार? आणि हे दिवे मोबाइलवरून कमी-जास्त करता येतात. बी उगवताना मंद, दोन पानं आली की वाढवायचा. त्यात लालही वेगळा, निळाही वेगळा फिरवता येतो. नवीन आहे हे. मी महिनाभर त्याच्याशी झगडत होते, आता हात बसलाय. सांगा, हा ट्रे तुम्ही नर्सरीतून घेतला असता का?

रावजी : घेतला असता. खोटं कशाला बोलू? पर त्यो बिरदेव हाय न्हवं, आपल्या शेजारचा, त्येनं शेडनेटवर कसला तरी लालसर कागद ताणलाय. कंपनीवाले म्हणत्यात, उन्हाचाच रंग बदलून देतो. त्येला ना वायर ना बिल. मग हे दिवं कशाला पायजेत?

आरोही : तो कागद मीही बघितलाय, फोटोत. चांगला आहे. निळसर उजेड आत घेऊन लालसर करून खाली सोडतो. पण त्याला वर ऊन लागतं, अण्णा. आणि त्या शेडनेटमध्ये उभं राहायला माणूस लागतं. ते माणूस मी असू शकत नाही.

मथुराबाई : आणि रोपं करपायचं काय? ते बोल की. का त्या पलंगाखालच्या खोक्याचं मी सांगू?

आरोही : आत्या.

मथुराबाई : गप बसायचं ठरवलं होतं, पण ते खोकं आल्यापासून मला झोप नाही. रावजी, हिनं आणखी एक दिवा मागवलाय. परवा आला. त्याच्यातून उन्हातलं ते अतिनील का काय ते निघतं. डॉक्टरांनी ज्याच्यापासून लांब राहायला सांगितलं, तेच. बाहेरचं ऊन टाळून झालं, आता ही ते घरात आणते.

रावजी : खरं हाय का हे?

आरोही : खरं आहे. पण अर्धंच. तुमची रोपं करपली तेव्हापासून मी तेच शोधतेय. खोलीत वाढलेल्या पानाला त्या उजेडाची ओळखच नसते. पान पातळ राहतं. शेवटचे काही दिवस थोडा थोडा तो उजेड दिला तर पान जाड होतं, राठ होतं. परदेशात देतात. टायमरवर लावायचा, मी खोलीच्या बाहेर, दार बंद. मी विचार केलाय सगळा.

रावजी : टायमर बिगडला तर? तू इसरून आत गेलीस तर? रोपाला पानी कमी पडलंय म्हणून तू अर्ध्या झोपंत उठून बगायला जातीस, आक्का सांगत हुती मगाशी.

आरोही : नाही विसरणार.

रावजी : पोरी, मी अडानी हाय. पर येवढं कळतंय मला. तुजं दुखणं ज्या उजेडानं वाढतं त्यो तू पैशे देऊन घरात आणलास. कशासाटी? तर माज्या रानात तुजी रोपं जगावीत म्हणून. म्हंजे मी गवंड्याला थांब म्हणलं, त्येचं हे. मला वाईट वाटतंय आता. लई वाईट वाटतंय.

आरोही : वाईट वाटून घेऊ नका. मला ती खोली पाहिजे, अण्णा. स्पष्ट सांगते. मन रमवायला नको, काम करायला पाहिजे. टेंभुर्णीला बसले तर मी तिथं बरी राहीन, पगार आणीन, सगळं होईल. पण संध्याकाळी तुम्ही रानातून याल आणि मी तुम्हाला विचारीन, आज काय केलं रानात? ते विचारणं मला सोसायचं नाही. तुम्ही काय लावलंत ते मला माहीत असलं पाहिजे, कारण ते मी दिलेलं असलं पाहिजे.

मथुराबाई : आता बोल की रावजी. खाली काय बघतोस?

रावजी : मुळ्या बगतोय. ह्ये रोप उपटून बगितलं. मुळी पांढरीफेक हाय, नारळाच्या भुशाचा, कोकोपीटचा गोळा कसा धरून ठेवलाय बग. मला नवाल ह्येचं वाटतंय आक्का, की असल्या मुळीचं रोप करपायला नको. माजी पस्तीस वर्सं गेली रानात. मुळी असली की रोप मान टाकतं, सांजच्याला परत उचलतं. हे उचललंच न्हाय.

आरोही : अण्णा, लावली कधी? म्हणजे टेम्पो आला आणि मग काय काय झालं, सगळं सांगा.

रावजी : काय हुनार? टेम्पो आला तवा जेवनवेळ झाल्याली. बेडवर मल्चिंगचा काळा कागद पसरून भोकं पाडून ठेवली हुती, ठिबक चालू हुती, बायका रोजगारावर आल्याल्या. ट्रे उतरवले, लावायला घेतले. दिस मावळायच्या आत समदं रान लावून मोकळं. नर्सरीची रोपं येत्यात तवा असंच करतो की दरसालाला.

आरोही : नर्सरीची रोपं.

रावजी : व्हय. काय झालं?

आरोही : आत्या, मला जरा स्टूल दे.

मथुराबाई : का ग? चक्कर येते का?

आरोही : नाही. हसू येतंय, आणि रडूही. अण्णा, नर्सरीवाला शेवटच्या आठवड्यात काय करतो? शेडनेटखालून ट्रे बाहेर काढतो. आधी सकाळचं ऊन, मग जरा जास्त, पाणी थोडं तोडतो. रोप तुमच्या बांधावर येतं तेव्हा ते ऊन बघून आलेलं असतं. माझ्या रोपांनी सूर्य कधी बघितलाच नव्हता. या खोलीतून टेम्पोत, टेम्पोतून थेट दुपारच्या उन्हात, खाली काळं मल्चिंग तापलेलं. मुळी कितीही चांगली असो, पान काय करणार? दिव्याची चूक नाही. त्या खोक्यातल्या दिव्याचीही गरज नाही.

मथुराबाई : अग मग हे तर कुठल्याही बाळंतिणीला कळतं. बाळाला पहिल्यांदा ऊन दाखवायचं तर कोवळ्या उन्हात, तेल लावून, मांडीवर घेऊन, जरा वेळ. पहिल्याच दिवशी भर दुपारी अंगणात टाकलं तर कातडं सोलून निघेल.

आरोही : हेच. आणि मी ते विसरले. पुस्तकात आहे, परीक्षेत लिहिलंय, मार्क घेतलेत त्याचे. पण आजारी पडल्यापासून मी उन्हाचा विचारच मनातून काढून टाकला होता. मला उन्हात जायचं नाही, तर जणू माझ्या रोपांनाही जायचं नाही. सगळा जीव दिव्यांवर लावला. कुठला लाल, कुठला निळा, कुठला किती वेळ. शेवटी ती उघड्यावरच जगणार आहेत, हे डोक्यातच आलं नाही.

रावजी : तुज्या एकटीच्या नव्हं, माज्याबी न्हाय आलं. मी रोप बगून घेणारा माणूस, ते कुटून आलं हे इचारलं न्हाय. जाऊ द्या. आता पुढं काय?

आरोही : मधल्या रॅकवरची रोपं चार-पाच दिवसांत तयार होतात. हे खोकं मी आज परत पाठवते. आत्या, पलंगाखालून काढून दे मला.

मथुराबाई : मी स्वतः कुरियरवाल्याच्या हातात देते. आणि ऊन दाखवायचं काम माझं. गच्चीवर नेईन ट्रे, दोन दोन करून. गुडघे दुखले तर दुखले.

रावजी : न्हाय आक्का. गच्चीवर शहराचं वारं. रोपाला ज्या रानात जगायचंय त्याच रानाचं ऊन, त्याच रानाचं वारं दाखवावं. आमच्या चिंचंखाली सकाळचं ऊन कसं गाळून येतं, म्हाईत हाय न्हवं तुला? तितं पयले दोन दिस. मग बांधावर, दिस वर याच्या आत परत. मग जरा उशिरा. लावायची तर सांजच्याला, ऊन उतरल्यावर.

आरोही : म्हणजे ट्रे आठवडाभर आधी जेऊरला न्यायचे.

रावजी : ट्रे न्यायचे, परत आणायचे. रोज आत-भायेर. मग हितं शुक्रवार पेठंत रॅक ठेवून काय करायचं? सोलापुरास्नं जेऊरपतुर टेम्पोत हादरून निम्मी मुळी हालती. हे बग पोरी, मी आपलं साधं गणित सांगतो. उंबऱ्यापतुर तू, उंबऱ्याच्या भायेर मी. तू आतनं ट्रे सरकवायचा, मी भायेरनं उचलायचा. सांजच्याला मी सरकवीन, तू आत घ्यायचा. आन पान कसं दिसतंय, कुटं लालसर पडलंय, कुटं मऊ हाय, ते मी तुला सांगीन. तू दिवा कमी-जास्त कर त्या हिशेबानं. दिव्याचं मला शिकीव. जांभळा मातर नको, मला तो बगवत न्हाय.

आरोही : जांभळा नाहीच. मधल्यासारखेच सगळे, कमी-जास्त होणारे. आणि लाइट गेली तर बॅटरी लागेल, रोपं एक-दोन दिवस अंधारात काढतात, पण रोज रोज नाही.

रावजी : मोटरीला सोलर हाय की. त्येच्यावरनं ओढू.

मथुराबाई : म्हणजे वर पत्र्यावर ऊन पडणार, त्याची वीज होणार, विजेचा परत उजेड होणार, आणि त्यात रोपं वाढणार. एवढं फिरून शेवटी खायचं ऊनच. देवा सिद्धरामेश्वरा, मला जरा चहा टाकू दे.

आरोही : आत्या, तू एकटी राहशील इथं.

मथुराबाई : मी काय लहान आहे? ही खोली मोकळी झाली की मी यात शेवया वाळवीन. पंखा मात्र ठेवून जा. आणि उन्हाळ्यात पहिलं कलिंगड माझ्याकडं आलं पाहिजे, बिया काढून. रावजी, त्या चेअरमनचं काय?

रावजी : त्येला आताच फोन लावतो. सांगतो, पोरीला काम मिळालंय. कुटं म्हणून इचारलं तर सांगतो, माज्याकडंच. आन गवंड्यालाबी लावतो, उद्यापास्नं भिंती चढव म्हणून. पोरी, एकच इचारायचं ऱ्हायलं. खिडकी ठिवायची का? का तुला तरास नको म्हणून चारी बाजू बंदच करू?

आरोही : एक ठेवा. उत्तरेला, आणि वरचा छज्जा चांगला पुढं काढा. त्या बाजूनं ऊन सरळ आत येत नाही.

रावजी : उत्तरंला. बरं. उत्तरंला खिडकी केली तर आपलं समदं रान दिसतंय आतनं, पार ओढ्यापतुर.

आरोही : माहीत आहे, अण्णा.